दिसेल तेवढेच सोलता येते

औंढा नागनाथ म्हटले की ज्योतिर्लिंग आठवते, विसोबा खेचर आणि नामदेव ही गुरुशिष्याची जोडी आठवते. येत्या काळात या नावाला आणखी एक ओळख मिळणार आहे. हिंगोली जिल्ह्यातल्या याच तालुक्यात, दुधाळा गावाच्या शिवारात, ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभारायची आहे. फेब्रुवारी 2016 मध्ये केंद्र सरकारने तिला तत्त्वतः मान्यता दिली आणि एप्रिल 2023 मध्ये सुमारे 2,600 कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी मिळाली. या यंत्राची रचना सांगायला सोपी आहे. लेसरचा एक झोत दुभागायचा, एकमेकींना काटकोनात असलेल्या 4 किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्यांमधून ते दोन भाग पाठवायचे, टोकाच्या आरशांवरून परत आणायचे आणि पुन्हा एकत्र मिळवायचे. प्रकाशाच्या लहरी एकमेकींत मिसळताना माथ्यावर माथा आला तर उजेड वाढतो, माथ्यावर खळगा आला तर तो मावळतो. या मिसळण्याला व्यतिकरण म्हणतात. दोन वाटांच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागापेक्षाही कमी फरक पडला, तरी तो या उजेड-अंधारात उमटतो. अमेरिकेतल्या अशाच दोन यंत्रांनी 14 सप्टेंबर 2015 रोजी पहिली गुरुत्वीय लहर टिपली.

प्रकाश दुभागून पुन्हा जुळवण्याची ही युक्ती अल्बर्ट मायकेलसनची. त्याने 1881 मध्ये तसे उपकरण प्रथम वापरले. त्याच युक्तीवर चालणारे दुसरे एक यंत्र आज टेबलावर मावते. रुग्ण त्यापुढे हनुवटी टेकवून बसतो, आतल्या खुणेकडे पाहतो आणि काही सेकंदांत त्याच्या डोळ्याच्या पडद्याचा उभा छेद संगणकाच्या पटलावर उमटतो. कुठेही चिरायचे नाही, टोचायचे नाही, डोळ्याला हातही लावायचा नाही. ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी हे त्याचे पूर्ण नाव. डॉक्टर आणि रुग्ण दोघेही ‘ओसीटी’ म्हणतात. मॅसॅच्युसेट्समधल्या एमआयटी या संस्थेत रायनर वाइस यांनी 1972 मध्ये गुरुत्वीय लहरींच्या यंत्राचा आराखडा लिहिला, आणि जेम्स फुजिमोटो, एरिक स्वॉन्सन, डेव्हिड हुआंग यांच्या गटाने 1991 मध्ये ओसीटीचा शोधनिबंध प्रसिद्ध केला, तोही एमआयटीतल्याच संशोधनातून. या प्रकरणात आपण या दुसऱ्या यंत्राचा आणि त्याच्या जोडीने आलेल्या पाहण्याच्या इतर साधनांचा विचार करणार आहोत. माझे म्हणणे असे आहे: पडद्यावरचा पापुद्रा काढण्याच्या शस्त्रक्रियेने गेल्या पन्नास वर्षांत जी मजल मारली ती मुख्यतः पाहण्याच्या बळावर मारली, हाताच्या बळावर कमी. आणि हे पटत असेल, तर आपण पैसा कुठे आधी खर्च करावा याचा क्रमही त्यावरून ठरला पाहिजे.

पापुद्रा कुठला आणि कसला

डोळ्याच्या आतल्या मागच्या भिंतीला दृष्टिपटलाचे अस्तर असते. लोक त्याला नुसते पडदा म्हणतात. त्याची जाडी जेमतेम पाव मिलिमीटर. त्याच्या मधोमध पीतबिंदू असतो. डॉक्टर त्याला मॅक्युला म्हणतात. अक्षर वाचणे, सुईत दोरा ओवणे, समोरच्याचा चेहरा ओळखणे ही सारी बारीक नजर या एवढ्याशा जागेची. पडद्यापुढची पोकळी व्हिट्रस नावाच्या पारदर्शक, जेलीसारख्या द्रवाने भरलेली असते. वय वाढले की हा द्रव आकसतो आणि पडद्यापासून सुटा होतो. बहुतेकांना त्यापासून त्रास होत नाही. काहींच्या बाबतीत मात्र सुटताना मागे उरलेल्या पेशी पडद्यावर वाढतात, त्यांचा पातळ पापुद्रा तयार होतो, तो आकसतो आणि खालच्या पडद्याला चुण्या पडतात. काहींच्या बाबतीत द्रव पूर्ण सुटत नाही, पीतबिंदूला ओढत राहतो आणि तिथे आरपार भोक पडते. तिसरा प्रकार मधुमेहाचा. त्यात नव्या, नाजूक रक्तवाहिन्यांसह तंतूंचे जाळे पडद्यावर पसरते आणि आकसताना पडदाच उचकटून काढते.

या पहिल्या दोन विकारांची जाणीव घरबसल्या होऊ शकते. एक डोळा झाकून दाराच्या चौकटीची उभी कड पाहिली आणि ती वाकडी, नागमोडी किंवा मध्येच तुटलेली दिसली, तर पीतबिंदूवर काहीतरी घडते आहे असे समजावे. दोन्ही डोळ्यांनी पाहताना चांगला डोळा वाईट डोळ्याची उणीव झाकतो, म्हणून ही खूण महिनोन्महिने लक्षात येत नाही. आणि नुसता चष्म्याचा नंबर तपासून ती सापडतही नाही.

हाताला कळत नाही ते डोळ्याने पाहायचे

शस्त्रक्रिया म्हणजे हातखंडा, असे आपण धरून चालतो. पोटाच्या किंवा हाडाच्या शस्त्रक्रियेत ते बऱ्याच अंशी खरेही आहे. तिथे सर्जनचे बोट ऊतीचा घट्टपणा जोखते, गाठ चाचपते, ताण ओळखते. पडद्याच्या शस्त्रक्रियेत ही सोय जवळपास नसते. 1999 मध्ये गुप्ता, जेन्सन आणि द ह्वान यांनी डुकराच्या मृत डोळ्यांवर पडद्याच्या सूक्ष्म शस्त्रक्रियेतले बळ मोजले. एकूण बळांपैकी तीन चतुर्थांश साडेसात मिलिन्यूटनपेक्षा कमी निघाली. म्हणजे पाऊण ग्रॅम वजन तळहातावर ठेवल्याने जेवढा दाब पडेल, त्याहूनही कमी. आणि इतक्या कमी बळाच्या घटनांपैकी फक्त 19 टक्के घटना सर्जनच्या हाताला जाणवू शकल्या. चिमट्याच्या टोकाने पापुद्रा धरला आहे की खालचा पडदा, हे बहुतेक वेळा हाताला कळतच नाही. ते डोळ्यानेच पाहावे लागते: पापुद्र्याची कड उचलली गेली का, भोवती पांढुरकी रेघ उमटली का, पडद्यावर ठिपक्याएवढे रक्त आले का. या एका प्रयोगातून माझ्या युक्तिवादाचा पाया तयार होतो. स्पर्श जिथे मुका होतो तिथे सर्जनकडे फक्त नजर उरते, आणि त्या नजरेची मर्यादा हीच शस्त्रक्रियेची मर्यादा ठरते.

इतिहास याला दुजोरा देतो. हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झने 1851 मध्ये जिवंत माणसाच्या डोळ्याचा पडदा पाहण्याचे साधन तयार केले; त्याआधी पडद्याचे आजार म्हणजे बंद पेटीतले गूढ होते. त्यानंतर पडदा दिसू लागला, पण त्याच्यापर्यंत पोहोचायला आणखी शंभरहून अधिक वर्षे लागली. मायामीमध्ये रॉबर्ट माखेमर यांनी 1970 मध्ये डोळा बंद ठेवूनच, बुबुळामागच्या पांढऱ्या भागातल्या छोट्या छिद्रातून आत शिरून व्हिट्रस कापून बाहेर काढण्याची पद्धत सुरू केली. त्यांचे उपकरण सुमारे दीड मिलिमीटर जाडीचे होते. पुढे तीन छिद्रांची रीत आली: एकातून द्रव आत सोडायचा, दुसऱ्यातून कापायचे किंवा धरायचे, तिसऱ्यातून उजेड न्यायचा. म्हणजे तीनपैकी एक वाट निव्वळ पाहण्यासाठी राखून ठेवली गेली. औंढ्याच्या गाभाऱ्यात खाली उतरताना वाट अरुंद असते आणि आत दिव्याचाच काय तो आधार असतो; डोळ्याच्या आत काम करणाऱ्याची गत तशीच आहे. छिद्रे मात्र लहान होत गेली. 2002 मध्ये अर्ध्या मिलिमीटरची आणि 2010 पर्यंत त्याहूनही बारीक साधने वापरात आली. टाके घालण्याची गरज बहुतेक वेळा संपली, डोळा लवकर शांत होऊ लागला. हा हाताच्या साधनांचा मोठा लाभ आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही. पण छिद्र लहान झाल्याने रुग्ण लवकर बरा होतो. पापुद्रा पूर्ण निघाला की नाही हे त्यावरून ठरत नाही. ते ठरते दिसण्यावर.

रंगाने दाखवलेले

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा रंगांच्या गोष्टीत मिळतो. पडद्याच्या अगदी वरच्या थराला अंतःसीमा पटल म्हणतात. डॉक्टरांच्या बोलण्यात तो ‘आयएलएम’. त्याची जाडी काही मायक्रॉन, आणि मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस सुमारे सत्तर मायक्रॉनचा धरला तर हा थर त्याच्याहून कितीतरी पट पातळ, आणि वर पूर्ण पारदर्शक. 1991 मध्ये नील केली आणि रॉबर्ट वेंडेल यांनी पीतबिंदूच्या भोकावर शस्त्रक्रिया करून 52 डोळ्यांपैकी 58 टक्के डोळ्यांत भोक बुजवले, तेव्हा ती क्रांतीच होती. त्याआधी हा विकार बरा न होणारा समजत. पुढे लक्षात आले की भोकाभोवतीचा आयएलएम सोलून काढला तर पडद्यावरचा ताण सुटतो आणि भोक मिटण्याची शक्यता बरीच वाढते. पण जे दिसत नाही ते सोलायचे कसे? 2000 मध्ये जपानमधून आणि अमेरिकेतून इंडोसायनिन ग्रीन या हिरव्या रंगाचा उपाय पुढे आला. रंगाचे दोन थेंब सोडले, क्षणभर थांबून धुऊन काढले, की आयएलएम हिरवा दिसतो. तो सोलला की खालचा उघडा पडदा रंगहीन उरतो, आणि कुठपर्यंत सोलले याची हद्द आपोआप आखली जाते.

2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ‘फिल्म्स’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या ब्रिटन-आयर्लंडमधल्या चाचणीत 141 रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी केली होती. एका गटात आयएलएम सोलला, दुसऱ्यात सोलला नाही. महिन्याने पहिल्या गटात 84 टक्के भोके मिटली, दुसऱ्या गटात 48 टक्के. पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण पहिल्या गटात 12 टक्के, दुसऱ्यात 48 टक्के होते. सहा महिन्यांनी लांबच्या नजरेत मात्र दोन गटांत लक्षणीय फरक दिसला नाही, आणि हेही त्याच प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ज्यांचे भोक पहिल्यांदा मिटले नाही त्यांच्यावर दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया झाली, हे त्यामागचे एक कारण असावे. पण ज्या माणसाला दुसऱ्यांदा टेबलावर झोपावे लागत नाही, शस्त्रक्रियेनंतर सांगितलेली डोक्याची स्थिती पुन्हा सांभाळत दिवस काढावे लागत नाहीत, पुन्हा मजुरी बुडवावी लागत नाही, त्याच्यासाठी 48 आणि 12 यांतला फरक मोठा आहे.

इथे एक रास्त आक्षेप येतो. कुशल सर्जनला रंगाची गरजच काय? 1997 मध्ये जर्मनीत क्लाउस एकार्ट यांनी कोणताही रंग न वापरता आयएलएम सोलून उत्तम निकाल दाखवले होते. हे खरे आहे, आणि त्यावरून हातखंड्याचे मोल कमी होत नाही. पण एखाद्या निष्णात सर्जनला न दिसणारे सोलता येते, म्हणून ते सर्वांनी तसेच सोलावे असे ठरत नाही. रंगाने हे काम थोड्यांच्या कौशल्यातून काढून नीट प्रशिक्षण घेतलेल्या कोणत्याही सर्जनच्या आवाक्यात आणले. शिवाय याच एकार्ट यांनी 2016 मध्ये सूक्ष्मदर्शकाच्या नळीतून डोळे काढून मोठ्या त्रिमितीय पडद्याकडे पाहत शस्त्रक्रिया करण्याच्या पद्धतीवर शोधनिबंध लिहिला. ज्याच्या हातावर सर्वांत जास्त भरवसा टाकता आला असता, तोच पाहण्याची अधिक चांगली साधने शोधत राहिला.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पाहणे फुकट नसते. इंडोसायनिन ग्रीन पडद्याला अपाय करू शकते अशी शंका 2001 पासूनच निबंधांतून उमटू लागली. काही रुग्णांचे भोक मिटले, पण नजर अपेक्षेइतकी सुधारली नाही. डोळ्यात सोडलेला प्रखर उजेडही जास्त वेळ एकाच जागी पडला तर पडद्याला इजा करतो. आयएलएम काढल्यानंतर खालच्या मज्जातंतूंच्या थरात बारीक खळगे पडतात, हेही पुढे दिसून आले. या साऱ्याचे उत्तर कमी पाहणे हे नव्हे. 2006 मध्ये ब्रिलियंट ब्लू हा निळा रंग आला. तो कमी मात्रेत आयएलएम स्पष्ट रंगवतो आणि पडद्याला सौम्य वाटतो. आज आपल्या देशात मदुराईच्या ऑरोलॅबसारख्या संस्था तो बनवतात. त्याचा आणखी एक उपयोग सर्जन करून घेतात. वरचा पापुद्रा हा रंग घेत नाही, भोवतालचा आयएलएम घेतो. त्यामुळे निळ्या पार्श्वभूमीवर जो रंगहीन डाग उरतो, तोच पापुद्र्याचा नकाशा होतो. आणि आयएलएम काढल्याने पडणारे खळगे आपल्याला कळले ते प्रतिमातंत्रामुळेच. पाहण्याच्या साधनांनी शस्त्रक्रियेचे दोषही चव्हाट्यावर आणले, हा त्यांचा गुण मानला पाहिजे.

छेद न घेता छेद

आता ओसीटीकडे वळू, कारण माझ्या मते या साऱ्या साधनांत त्याचे स्थान पहिले आहे. लायगो आणि ओसीटी यांचे तत्त्व एक असले तरी प्रकाशाची निवड अगदी उलटी आहे. लायगोला असा लेसर हवा असतो की ज्याची लहर दूरवर तालात राहील. 1064 नॅनोमीटरची एकच तरंगलांबी, कमालीची स्थिर. ओसीटीला हवा असतो तालात फार वेळ न राहणारा प्रकाश: साधारण 840 नॅनोमीटरच्या आसपासच्या अनेक तरंगलांबींचे मिश्रण. असा प्रकाश दोन वाटांनी पाठवला, एक आरशाकडे आणि एक डोळ्यात, तर परत आल्यावर त्यांचे व्यतिकरण तेव्हाच होते जेव्हा दोन वाटांची लांबी जवळपास नेमकी सारखी असते. म्हणजे आरसा जिथे ठेवला, तेवढ्याच खोलीवरून परतलेला प्रकाश ‘बोलतो’, बाकीचा गप्प राहतो. मिश्रण जितके रुंद, तितकी खोली अचूक. मधली तरंगलांबी 840 नॅनोमीटर आणि रुंदी 50 नॅनोमीटर धरली, तर गणिताने हवेत सुमारे सहा मायक्रॉन आणि डोळ्याच्या ऊतीत त्याहून कमी अंतराचे दोन थर वेगळे ओळखता येतात. म्हणूनच पाव मिलिमीटरच्या पडद्याचे दहा थर आणि त्यावर चढलेला पापुद्रा एका चित्रात सुटे दिसतात.

सुरुवातीच्या यंत्रांत आरसा प्रत्यक्ष पुढे-मागे हलवावा लागे. 2002 च्या सुमारास वापरात असलेले यंत्र सेकंदाला 400 उभ्या रेघा काढी. 512 रेघांचा एक छेद घ्यायला सव्वा सेकंदाहून जास्त लागे, आणि तेवढ्यात माणसाचा डोळा हललेला असे. पुढे आरसा न हलवता वर्णपट मोजून सर्व खोल्यांची माहिती एकदम घेण्याची रीत आली आणि वेग सेकंदाला सत्तावीस हजार रेघांच्या घरात गेला. तोच छेद आता सेकंदाच्या पन्नासाव्या भागात होतो. या वेगामुळे ओसीटी प्रयोगशाळेतून रोजच्या ओपीडीत आले. शोधकर्त्यांपैकी फुजिमोटो, हुआंग आणि स्वॉन्सन या तिघांना 2023 मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला.

या यंत्राने निदानात काय बदलले हे पाहिले की त्याचे महत्त्व कळते. अमेरिकेचे जे. डोनाल्ड गॅस यांनी 1988 मध्ये निव्वळ भिंगातून पाहून पीतबिंदूच्या भोकाच्या पायऱ्या मांडल्या. ती निरीक्षणशक्तीची कमाल होती. पण खरे आरपार भोक, अर्धवट भोक आणि पापुद्र्याच्या आकसण्यामुळे भोकासारखा दिसणारा खळगा हे तिन्ही वरून पाहताना सारखेच भासतात. पूर्वी डॉक्टर पीतबिंदूवर उजेडाची पातळ रेघ टाकून रुग्णाला विचारत, ‘रेघ तुटलेली दिसते का?’ निदान रुग्णाच्या उत्तरावर अवलंबून राही. ओसीटीत हा प्रश्नच उरत नाही. आज भोकाचे वर्गीकरणही त्याच चित्रावरून होते: 250 मायक्रॉनपर्यंत लहान, 400 पर्यंत मध्यम, त्यापुढे मोठे. मोठ्या भोकासाठी आयएलएम पूर्ण न काढता त्याची घडी भोकावर उलटवून ठेवण्याची पद्धत 2010 मध्ये पोलंडच्या झोफिया मिखालेव्स्का यांनी मांडली. कोणती पद्धत निवडायची हे चिमटा हातात घेण्याआधी, चित्र पाहून ठरते.

थिएटरमधली नजर: किती हवी, किती नको

पाहण्याचे महत्त्व एकदा मान्य केले की पुढची पायरी मोहक वाटते: ओसीटी सरळ शस्त्रक्रियेच्या सूक्ष्मदर्शकातच बसवा, म्हणजे पापुद्रा सोलताना खाली काय घडते ते त्याच क्षणी दिसेल. हे यंत्र आता अस्तित्वात आहे. ज्या क्लीव्हलँडमध्ये 1887 साली मायकेलसन आणि मोर्ले यांचा प्रसिद्ध प्रयोग झाला, त्याच शहरातल्या क्लीव्हलँड क्लिनिकमधल्या ‘डिस्कव्हर’ अभ्यासात 837 डोळ्यांवर त्याचा वापर झाला. डोळ्याच्या मागच्या भागातल्या 593 शस्त्रक्रियांपैकी सुमारे 29 टक्के शस्त्रक्रियांत त्या चित्रामुळे निर्णय बदलल्याचे सर्जननी नोंदवले. काढला असे वाटलेला पापुद्रा उरलेला निघाला, किंवा उरला असे वाटणारा मुळी नव्हताच. जिथे सर्जनचा अंदाज इतक्या वेळा बदलतो, तिथे पाहण्याची उणीव अजूनही शिल्लक आहे हे उघड आहे.

तरीही या आकड्याचा अर्थ काटेकोरपणे घेतला पाहिजे. निर्णय बदलणे आणि रुग्णाची नजर सुधारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा अभ्यास पहिलीबद्दल बोलतो, दुसरीबद्दल नाही. धातूच्या चिमट्याची सावली नेमकी जिथे पाहायचे त्या ऊतीवर पडते, ही अडचणही आहे. आणि असा सूक्ष्मदर्शक साध्या ओसीटीच्या कित्येक पट महाग असतो. एकार्ट यांनी वापरलेल्या त्रिमितीय पडद्याचे गणित थोडे वेगळे आहे. त्यात कमी उजेडात काम करता येते, सर्जनची मान ताठ राहते, आणि थिएटरमधले सर्वजण, शिकणारा डॉक्टर धरून, सर्जनला जे दिसते तेच पाहतात. वैद्यकीय महाविद्यालयासाठी हा मोठा लाभ आहे. पण नजर सुधारण्याच्या मोजमापात तोही साध्या सूक्ष्मदर्शकाच्या पुढे फार गेलेला नाही. म्हणून मी खर्चाचा क्रम असा लावेन: आधी निदानाचे ओसीटी, मग चांगला सूक्ष्मदर्शक, रुंद क्षेत्र दाखवणारी भिंगे आणि सुरक्षित रंग, आणि सर्वांत शेवटी थिएटरमधली महागडी यंत्रणा. पाहणे निर्णायक आहे याचा अर्थ प्रत्येक नवे पाहणे तितकेच निर्णायक आहे असा होत नाही. ज्या टप्प्यावर अंधार सर्वांत जास्त आहे तिथे दिवा आधी न्यायचा.

जिल्ह्यात कशाला?

हा अंधार शहरातल्या थिएटरपेक्षा जिल्ह्याच्या ओपीडीत जास्त आहे. यावर तीन आक्षेप घेतले जातील. पहिला: ग्रामीण भागात आधी मोतीबिंदू पाहा, पापुद्र्याचे लाड कशाला? 2015 ते 2019 या काळातल्या राष्ट्रीय अंधत्व सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या लोकांतल्या अंधत्वापैकी 66.2 टक्के मोतीबिंदूमुळे होते, हे खरे. पण मोतीबिंदू आणि पापुद्रा हे दोन्ही उतारवयाचे विकार आहेत आणि एकाच डोळ्यात असू शकतात. मागचा विकार न पाहता पुढचे भिंग बदलले, तर नजर येत नाही, आणि शेजारीपाजारी ‘ऑपरेशन फसले’ असे म्हणतात. त्या एका बोलण्याने गावातले आणखी चार जण शिबिराला जायचे टाळतात. शिवाय मधुमेहाचे ओझे आता शहरापुरते राहिलेले नाही. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासाने देशात 10.1 कोटी मधुमेही असल्याचा अंदाज दिला. 2022 च्या स्मार्ट इंडिया अभ्यासात चाळिशीपुढच्या मधुमेहींपैकी 12.5 टक्क्यांच्या पडद्यावर आजाराच्या खुणा होत्या, आणि 4 टक्क्यांची नजर धोक्यात होती. या रुग्णांच्या पहिल्या चाळणीला पडद्याचा साधा फोटो काढणारा कॅमेरा पुरतो. तो स्वस्त आहे आणि आधी तोच हवा. पण फोटोत खोली नसते. पडद्याला सूज आहे का, पापुद्रा ओढतो आहे का, शस्त्रक्रिया आता हवी की नंतर, हे छेदातच कळते.

दुसरा आक्षेप: जिल्ह्यात पडद्याची शस्त्रक्रिया होणार नसेल तर यंत्र आणून उपयोग काय? उपयोग नेमका याच कारणाने जास्त आहे. चित्र क्षणात पुण्याला किंवा हैदराबादला जाऊ शकते. माणसाला तिथे जायला दोन दिवस, सोबतीला एक माणूस आणि दोघांची बुडालेली मजुरी लागते. हळद काढणी आणि शिजवणीच्या दिवसांत वसमत-औंढ्याकडचा शेतकरी ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणतो, यात त्याचा दोष नाही. पण भोक जितके जुने आणि जितके मोठे, तितके ते मिटणे अवघड. चित्रावरून कोणाला या आठवड्यात पाठवायचे आणि कोणाला सुगीनंतर पाठवले तरी चालेल हे वेगळे करता आले, तर तेच दोन दिवस योग्य माणसासाठी खर्च होतात. हिंगोलीत 2024 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. ही चाळणी बसवायला याहून योग्य जागा जिल्ह्यात दुसरी नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत विचारपूर्वक आहे: यंत्र जितके जास्त पाहील तितके विकार सापडतील, आणि गरज नसलेल्या शस्त्रक्रिया वाढतील. हा धोका खरा आहे. पापुद्रा दिसला म्हणून तो काढलाच पाहिजे असे नाही. अनेक पापुद्रे वर्षानुवर्षे तसेच राहतात आणि माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. व्हिट्रसची ओढ कधी कधी आपोआप सुटते. शस्त्रक्रियेत संसर्गाचा, पडदा सुटण्याचा धोका असतो, आणि तिच्यानंतर मोतीबिंदू लवकर वाढतो. पण शस्त्रक्रिया करू नये हे ठरवायलाही चित्रच लागते. चार महिन्यांच्या अंतराने घेतलेले दोन छेद सारखे असतील आणि रुग्णाची वाचण्याची नजर टिकून असेल, तर थांबणे हा पुराव्यावर उभा निर्णय होतो. चित्र नसेल तर तो केवळ अंदाज राहतो. गैरवापर टाळायचा तर निर्णयाचा आधार चित्रासोबत रुग्णाची तक्रार आणि नजरेची नोंद असा तिहेरी ठेवावा. यंत्र नाकारून गैरवापर थांबत नाही, फक्त तो कोणाला दिसत नाही.

या साऱ्यातून वाचकासाठी निघणारी गोष्ट साधी आहे. पन्नाशीनंतर किंवा मधुमेह असल्यास कोणत्याही वयात, एकेका डोळ्याने सरळ रेघ पाहण्याची सवय ठेवावी. रेघ वाकडी दिसली तर पडद्याची तपासणी मागावी. ओसीटी झाली तर तिचे छापील चित्र आणि तारीख स्वतःजवळ जपून ठेवावी, पुढच्या डॉक्टरला दाखवावी. कारण पापुद्रा काढायचा की राहू द्यायचा हा प्रश्न एका चित्राने क्वचितच सुटतो. तो जुन्या आणि नव्या चित्रांतल्या फरकावरून सुटतो, आणि जुने चित्र जपणे रुग्णाच्याच हातात असते.